वाचक विचारतात : स्केटिंगचे सर बदलावेत का?

राज्य स्पर्धा आटोपून राष्ट्रीय स्पर्धेचे वेध लागले, की पुण्यातील रिंकवर एक विषय दबक्या आवाजात सुरू होतो. या महिन्याच्या टपालातही तोच विषय सर्वाधिक आला आहे. चाकांवरचे आर्टिस्टिक स्केटिंग शिकणाऱ्या मुलामुलींनी प्रशिक्षक बदलावा का, आणि बदलायचा ठरलाच तर तो केव्हा आणि कोणत्या रीतीने, असे हे प्रश्न आहेत. बर्फावरच्या फिगर स्केटिंगमध्ये असे बदल जगासमोर घडतात आणि त्यांचे परिणामही सर्वांना पाहता येतात, म्हणून उत्तरांत तिथली उदाहरणे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची असून लहानपणापासून एकाच सरांकडे क्वाड (पुढे दोन, मागे दोन चाकांच्या) स्केट्सवर शिकते. वर्षभर तिची डबल सालको (हवेत दोन फेऱ्या घ्यायची उडी) अडून राहिली आहे. राज्य स्पर्धेत क्रमांकही घसरला. दुसऱ्या क्लबच्या एका मॅडमनी स्पर्धेच्या ठिकाणीच तिला सांगितले, की आमच्याकडे ये, तीन महिन्यांत डबल बसवून देते. तिचे बाबा म्हणतात, लगेच बदलू. ज्यांना आम्ही दर गुरुपौर्णिमेला वंदन करतो त्यांना असे सोडणे मला मात्र कृतघ्नपणाचे वाटते. राष्ट्रीय स्पर्धा महिन्यावर आली आहे. काय करावे?
– एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर : तातडीचे आधी सांगते. राष्ट्रीय स्पर्धा होईपर्यंत काहीही बदलू नका. कोणताही चांगला प्रशिक्षक नवा विद्यार्थी हाती आल्यावर उडी घेण्याची पद्धत, हातांची जागा किंवा उतरताना धरायची कड (म्हणजे स्केट आत किंवा बाहेर झुकवून धरायची बाजू) यांपैकी काहीतरी बदलणारच, आणि महिनाभरात जुनी सवय सुटते पण नवी अंगवळणी पडत नाही, अशा अधांतरी अवस्थेत मूल स्पर्धेला उभे राहते. अमेरिकेची फिगर स्केटर मिशेल क्वान हिने २००१ च्या ऑक्टोबरमध्ये, सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिंपिकला चार महिने उरले असताना, प्रशिक्षक फ्रँक कॅरोल यांच्यापासून फारकत घेतली आणि ती प्रशिक्षकाविनाच ऑलिंपिकला उतरली. शॉर्ट प्रोग्रॅम या स्पर्धेच्या पहिल्या, छोट्या भागानंतर ती पहिली होती; अखेरीस तिला ब्राँझ मिळाले. कॅनडाचा पॅट्रिक चॅन आणि त्याचे प्रशिक्षक डॉन लॉज जानेवारी २०१० मध्ये वेगळे झाले आणि पुढच्याच महिन्यात व्हँकुव्हरला, मायदेशातल्या ऑलिंपिकमध्ये, चॅन पाचवा आला. या निकालांचे सगळे खापर बदललेल्या प्रशिक्षकावर फोडता येणार नाही, तरीही ज्या आठवड्यांत खेळाडूचे मन केवळ कार्यक्रमावर असायला हवे त्या आठवड्यांत हा विषय घरात असू नये, हे माझे ठाम मत आहे. याउलट जपानच्या युझुरू हान्यूने २०१२ च्या वसंतात, नीसच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवून हंगाम संपवल्यावर, सेंदाईच्या नानामी आबे यांच्याकडून टोरोंटोला ब्रायन ऑर्सर यांच्याकडे जाण्याचे ठरवले. पुढच्या हंगामापर्यंत त्याच्या हाती महिने होते. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धा साधारणपणे डिसेंबरात होते, त्यामुळे बदल करायचाच असेल तर जानेवारी हा त्याचा महिना आहे. शिवाय उघड्यावरचे रिंक पावसाळ्यात ओले राहतात आणि सरावाचे कितीतरी दिवस बुडतात, त्यामुळे नवी पद्धत जूनपूर्वी अंगात मुरलेली बरी.

आता सालकोविषयी. घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारी मुलगी ही उडी डाव्या पायाच्या आतल्या कडेवरून, मागे जात असताना घेते. मोकळा उजवा पाय बाजूने पुढे येतो, त्याच्या झोक्याने शरीर वर उचलले जाते, आणि हवेत भार उजव्या बाजूवर घेऊन उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर मागे जात उतरायचे असते. ती अडते तेव्हा कारण बहुधा दिसण्यासारखे असते. कधी उजवा पाय लवकर आणि फार रुंद फिरतो, त्यामुळे कंबर आधीच उघडते आणि मुलगी वर जाण्याऐवजी जमिनीवरच गिरकी घेऊ लागते. कधी वर जाणे ठीक असते, पण हवेत भार डावीकडेच राहतो आणि हात लवकर सुटतात. फोनवर बाजूने चित्रण करून ते अगदी संथ गतीने पाहा. डाव्या स्केटची चाके जमिनीवरून सुटतात त्या क्षणी खांदे कुठे आहेत आणि उतरताना उजव्या स्केटचे तोंड कोणत्या दिशेला आहे, एवढेच बघायचे. अर्धी फेरी कमी पडली तर परीक्षक डबलला सिंगलचेच मोल देतात, त्यामुळे पालकांना बाकावरून ‘जवळजवळ झाली’ असे वाटलेली उडी गुणपत्रिकेत फारच थोडी भर घालते. राज्य स्पर्धेतल्या घसरणीचे मूळ कदाचित एवढेच असेल.

तेरावे वर्ष आहे, हेही विसरू नका. या वयात उंची वाढते, वजनाचा तोल सरकतो आणि काल सहज होणारी उडी आज परकी वाटू लागते. यात सरांचा दोष नसतो आणि मुलीचाही नसतो. स्केट्सही तपासून घ्या. चाकांच्या धुरीतली रबरी कुशन्स पूर्वीच्या वजनाला बेताने कसलेली असतील किंवा जुनी होऊन कडक झाली असतील, तर कड नीट धरताच येत नाही, आणि वर्षभराच्या अडचणीचे कारण एखाद्या वेळी तिथेच सापडते.

एवढे पाहून झाल्यावर राष्ट्रीय स्पर्धेनंतर सरांना भेटा आणि एकच प्रश्न विचारा : ही उडी नेमकी कुठे अडते, आणि पुढच्या तीन महिन्यांत त्यासाठी आपण काय करणार आहोत? सर तिच्या चुकीचे नाव घेऊन, त्यासाठी जमिनीवरचे आणि स्केट्सवरचे व्यायाम सांगून, क्रम लावून देत असतील, तर मुलीला त्यांच्याकडेच राहू द्यावे, असे मी म्हणेन. ‘सराव वाढवा’, ‘लक्ष नाही तिचे’ एवढेच उत्तर मिळाले, आणि दुसऱ्यांदा विचारूनही तेच मिळाले, तर मात्र त्या उडीसाठी लागणारे ज्ञान त्या रिंकवर संपले आहे असे समजायला हरकत नाही. अनेक प्रशिक्षक सिंगल उड्या आणि फिगर्स उत्तम शिकवतात, जमिनीवर आखलेल्या वर्तुळांवर कड धरायला त्यांच्याइतके चांगले कोणी शिकवत नाही, आणि डबलपाशी त्यांचे काम पूर्ण होते. त्यात त्यांचा कमीपणा नाही.

तीन महिन्यांच्या आश्वासनावर मात्र विसंबू नका. जपानच्या माओ आसादा हिने २०१० मध्ये ऑलिंपिक रौप्य आणि जागतिक विजेतेपद मिळवल्यानंतर नोबुओ सातो यांच्याकडे जाऊन आपल्या उड्या मुळापासून नव्याने घडवायला घेतल्या. त्याच वर्षी नागोयात, स्वतःच्या गावी, झालेल्या एनएचके ट्रॉफी या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ती आठवी आली आणि २०११ च्या जागतिक स्पर्धेत सहावी. तिसरे जागतिक विजेतेपद तिला २०१४ मध्ये जपानमधल्याच साइतामाला मिळाले. जगज्जेतीला जिथे वर्षे लागली, तिथे शाळा सांभाळून संध्याकाळी रिंकवर येणाऱ्या मुलीला एक संपूर्ण हंगाम तरी द्यायला हवा. त्या हंगामात ती आजच्यापेक्षा मागे पडली तरी आपण तिसरीकडे धावणार नाही, एवढी तयारी घरात असेल तरच बदल करा. आणि स्पर्धेच्या ठिकाणी, सरांच्या पाठीमागे, मुलीलाच थेट आमंत्रण देणाऱ्या मॅडमविषयी स्पष्ट लिहिते : हे गैर आहे. अमेरिकेतल्या प्रोफेशनल स्केटर्स असोसिएशन या प्रशिक्षकांच्या संघटनेच्या आचारसंहितेत दुसऱ्याच्या विद्यार्थ्याला स्वतःकडे ओढण्यास मनाई आहे आणि नवा विद्यार्थी घेण्याआधी त्याचे पूर्वीचे शिक्षण कोणाकडे चालू होते याची माहिती करून घेणे बंधनकारक आहे. या मॅडम शिकवायला उत्तम असतीलही, पण आपण त्यांच्याकडे जायचेच ठरवले तर सरांना सांगून झाल्याखेरीज त्यांच्या रिंकवर पाऊल ठेवू नका.

कृतघ्नपणाबद्दल आपण लिहिले आहे, त्याला आपल्याच परंपरेत उत्तर आहे. मोगूबाई कुर्डीकर स्वतः जयपूर घराण्याच्या थोर गायिका असताना त्यांची मुलगी किशोरी आमोणकर भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकली, आणि त्यामुळे आईचे गुरुपण तसूभरही कमी झाले नाही. दुसऱ्याकडे विद्या घ्यायला जाणे यात पाप नाही. न सांगता जाणे मात्र माणसाला लागते. म्हणून आपण दोघे आणि मुलगी, तिघेही, सरांना समक्ष भेटा. व्हॉट्सॲपवर कळवू नका. मुलीने काय शिकले ते तिला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या. फी बाकी असेल तर ती आधी चुकती करा. क्लबच्या नावाने तिची नोंदणी झाली असेल, तर ती कधी आणि कशी बदलता येते हे जिल्हा संघटनेकडून लेखी विचारून घ्या, नाहीतर ऐन चाचणीच्या वेळी अर्ज अडकतो. आणि हे सगळे करण्यापूर्वी मुलीला काय हवे आहे ते विचारा. आपल्या एवढ्या मोठ्या पत्रात तिचे मत मला कुठेच सापडले नाही.

प्रश्न : ताई, मी सोळा वर्षांची आहे आणि मेदवेदेवाची चाहती आहे. ती प्रशिक्षक सोडून गेली आणि पुन्हा त्यांच्याकडेच आली, तेव्हा सगळे तिला हसले. मलाही क्लास बदलायचा आहे, पण चुकले आणि परत यावे लागले तर? आमचे सर दर सोमवारी सगळ्यांसमोर मुलींचे वजन करतात आणि आकडा मोठ्याने वाचतात. मी जेवण कमी केले आहे. घरी सांगितलेले नाही.
– एक स्केटर, औंध

उत्तर : तुझ्या पत्राच्या शेवटच्या तीन वाक्यांपासून सुरुवात करते, कारण महत्त्वाचे तिथे आहे. हे पत्र वाचशील त्याच दिवशी आईला किंवा बाबांना, आणि त्यांना सांगणे कठीण वाटत असेल तर घरातल्या ज्या मोठ्या माणसावर तुझा विश्वास आहे त्यांना, सोमवारी काय होते आणि तू किती जेवतेस ते जसेच्या तसे सांग. वर सिंहगड रस्त्यावरच्या आईंना मी हंगाम संपेपर्यंत थांबायला सांगितले आहे. तुला ते लागू नाही. मुलींचे वजन चारचौघांत मोठ्याने वाचणाऱ्या माणसाकडे राष्ट्रीय स्पर्धेसाठीसुद्धा थांबायचे कारण नाही. कमी खाऊन उड्या मारणाऱ्या वाढत्या वयाच्या मुलींची हाडे दुखावतात, पाळी अनियमित होते आणि त्याची किंमत स्केटिंग संपल्यावरही मोजावी लागते. घरी सांगून झाले की डॉक्टरांनाही भेट. बर्फावरच्या स्केटिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये वरिष्ठ गटाचे किमान वय टप्प्याटप्प्याने १५ वरून १७ पर्यंत नेण्याचा निर्णय घेतला, त्यामागेही कोवळ्या वयातल्या मुलींच्या शरीरावर आणि मनावर पडणाऱ्या भाराचीच काळजी होती.

आता मेदवेदेवाविषयी. रशियाची येवगेनिया मेदवेदेवा २०१६ आणि २०१७ ची जगज्जेती. २०१८ च्या प्याँगचँग ऑलिंपिकमध्ये तिला रौप्य मिळाले आणि मे महिन्यात ती प्रशिक्षक एतेरी तुतबेरिद्झे यांना सोडून टोरोंटोला ऑर्सर यांच्याकडे गेली. पहिला हंगाम कठीण गेला. डिसेंबरात रशियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत ती सातवी आली, तेव्हा तिचे संपले असे अनेकांनी ठरवून टाकले. मार्च २०१९ मध्ये साइतामाला तिने जागतिक ब्राँझ मिळवले. पुढे कोरोनाची साथ आली, टोरोंटोला जाणे शक्य होईना, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ती तुतबेरिद्झे यांच्याकडे परतली. यात हसण्यासारखे काय आहे, हे मला कधीच समजले नाही. ती बाहेर गेली नसती तर ते साइतामाचे ब्राँझ कोणत्या मनःस्थितीत मिळाले असते, मिळाले असते का, हे कोणालाच सांगता येणार नाही.

परत येणे या खेळात नवीन नाही. तुतबेरिद्झे यांचीच विद्यार्थिनी अलेक्सांद्रा त्रुसोवा २०२० मध्ये माजी ऑलिंपिक विजेते येवगेनी प्लुशेंको यांच्याकडे गेली, वर्षभराने परतली आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने रौप्य जिंकले. कोरियाच्या युना किमने ऑर्सर यांच्या हाताखाली २०१० चे ऑलिंपिक सुवर्ण मिळवले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दोघांची जाहीर निवेदने देत फारकत झाली, आणि मधल्या काळानंतर ती कोरियातल्या आपल्या लहानपणीच्या प्रशिक्षकांकडे, शिन ह्ये-सुक आणि र्यु जाँग-ह्यून यांच्याकडे, परतली. त्यांच्यासोबत तिने २०१३ चे जागतिक विजेतेपद जिंकले. तुझ्या बाबतीत मात्र मी परत येण्याचा विचार करायला सांगणार नाही. आधीच्या सरांकडे पुन्हा जावे लागेल या भीतीने त्यांच्याकडेच राहू नकोस. गावात दुसरे रिंक आहेत, दुसऱ्या मॅडम आहेत, आणि स्पर्धेचे एक वर्ष बुडाले तरी ते भरून निघते.

प्रश्न : मी हडपसरला अनेक वर्षे शिकवतो. माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी यंदा दुसऱ्या क्लबकडे गेली. मला ते पालकांच्या ग्रुपवरून कळले. स्पर्धेत समोर आली तर बोलावे की नाही, हेही समजत नाही.
– एक प्रशिक्षक

उत्तर : सर, बोलावे. ती समोर आली की आधी आपणच तिच्याशी बोला, कारण तिला आपल्याकडे यायची हिंमत होणार नाही. न सांगता जाण्याचा निर्णय बहुतेक वेळा मुलांचा नसतो. मोठी माणसे ठरवतात आणि अवघडलेपण मुलाच्या वाट्याला येते. आपल्याला वाईट वाटले आहे हे योग्यच आहे, आणि ते तिच्या पालकांना शांतपणे सांगायलाही हरकत नाही. फक्त उरलेल्या विद्यार्थ्यांसमोर तिचा विषय काढू नका. आज रिंकवर असलेली मुले ते ऐकून एवढेच शिकतील, की आपल्याला कधी जावेसे वाटले तर सरांना सांगायचे नाही, आणि पुढचाही विद्यार्थी असाच निघून जाईल.

आपल्या मनातला दुसरा प्रश्न पत्रात लिहिलेला नाही, तरी तो जाणवतो : पुढे गेलेला प्रत्येक विद्यार्थी असाच हातचा जाणार का? तसे नाही. जपानची काओरी साकामोतो लहानपणापासून कोबेच्या सोनोको नाकानो यांच्याकडे शिकली आणि त्यांच्याच सोबत तिने २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन जागतिक विजेतेपदे मिळवली. प्लुशेंको स्वतः अकराव्या वर्षी अलेक्सेई मिशिन यांच्याकडे आला आणि २००६ चे ऑलिंपिक सुवर्ण त्याने त्यांच्याच हाताखाली जिंकले. पण असे प्रशिक्षक एकटे काम करत नाहीत. साकामोतोच्या गटात नाकानो यांच्या जोडीला मित्सुको ग्रॅहम होत्या. नृत्यरचना बाहेरच्या रचनाकाराकडून करून घेतली जाते. ज्या उड्या किंवा गिरक्या आपल्याला शिकवता येत नाहीत त्यांसाठी आपणच दुसऱ्या कोणाला चार दिवस रिंकवर बोलावले, तर विद्यार्थ्याला आपल्याला सोडून जाण्याची गरज कमी पडेल. आपल्याकडे हे फारसे कोणी करत नाही आणि करायला हवे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा असून चाकांवरून बर्फावर जाऊ इच्छितो. उन्हाळ्यात त्याला गुरुग्राम किंवा डेहराडूनला नेण्याचा विचार आहे. त्यासाठी पुण्यातले सर सोडावे लागतील का?
– एक वडील, निगडी

उत्तर : सोडू नका. उड्यांची नावे, फिरण्याची दिशा आणि उतरण्याचा पाय दोन्हीकडे सारखेच असले, तरी क्वाड स्केटवर पुढच्या रबरी टो-स्टॉपचा आधार घ्यायचा असतो आणि बर्फावर पात्याच्या टोकाचे दाते रोवायचे असतात. बर्फावर कड कापत जाते, चाकांवर ती धुरी झुकवून मिळवावी लागते. म्हणून बर्फासाठी बर्फावरचाच प्रशिक्षक हवा. त्याला पर्याय नाही. पण पुण्यात वर्षाचे उरलेले दहा महिने मुलगा चाकांवरच असणार आहे. ते महिने पुण्यातल्या सरांचे आहेत.

दूरचा प्रशिक्षक चालतो का, याची काळजी करू नका. अमेरिकेचा नेथन चेन २०१८ पासून येल विद्यापीठात शिकत होता आणि त्याचे प्रशिक्षक राफाएल अरुत्युन्यान कॅलिफोर्नियात होते. बराचसा सराव चित्रफिती आणि फोन यांवर चालला, आणि त्या काळात चेनने २०१९ चे जागतिक विजेतेपदही मिळवले. अर्थात त्याच्या उड्या तेव्हा पक्क्या झालेल्या होत्या. आपल्या मुलाने बर्फावरच्या पहिल्या दोन उन्हाळ्यांत डबलचा हट्ट धरू नये. कडा, थांबणे आणि सिंगल उड्या एवढेच करावे. जाण्यापूर्वी पुण्यातल्या सरांना बेत सांगा, दोन्ही प्रशिक्षकांचे फोनवर बोलणे करून द्या, आणि कोणती उडी कोणाच्या देखरेखीखाली बदलायची हे त्या दोघांकडूनच ठरवून घ्या.